टेम्पो ट्रॅव्हलरची कॅम्परव्हॅन घेऊन रेवस ते रेडी: निघायच्या आधी काय बघाल

ताई, प्रश्न वाचला. सेकंडहँड टेम्पो ट्रॅव्हलर घेतलीत, डोंबिवलीत तिची कॅम्पर करून घेतलीत, आता डिसेंबरात तुम्ही, मिस्टर, आठ वर्षांची लेक आणि गुडघे दुखणाऱ्या सासूबाई असे चौघं पंधरा दिवस सागरी महामार्गाने रेवसपासून रेडीपर्यंत जाणार, आणि सोबत काय काय घेऊ त्याची यादी मागताय. यादी नंतर बघू. मी चिपळूणला गॅरेज चालवतो आणि गेली अकरा-बारा वर्षं स्वतःची अशीच एक गाडी घेऊन किनाऱ्याने फिरतोय. माझ्याकडे अडकून येणाऱ्या कॅम्परवाल्यांना फ्रिज किती लिटरचा, सोलर किती वॉटचं सगळं पाठ असतं, पण गाडीचं वजन किती, उंची किती आणि मागचं शेपूट चाकाच्या मागे किती फूट जातं हे विचारलं की एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. कोकणात गाडी अडते ती या तीन आकड्यांवर. फ्रिज छोटा पडला म्हणून अजून कोणी अडकलेलं बघितलं नाही मी.

पहिलं काम म्हणजे वजनकाटा. वाळूच्या, चिऱ्याच्या, भंगाराच्या ट्रकांसाठी हायवेला जागोजागी काटे असतात, थोडक्या पैशात पावती देतात. पाण्याची टाकी भरून, डिझेल फुल करून, सिलिंडर, भांडी, गाद्या, कपडे सगळं चढवून आणि चौघंही आत बसून गाडी काट्यावर घ्या. एकदा अख्खी गाडी, मग नुसती पुढची चाकं काट्यावर, मग नुसती मागची. आरसीवर जीव्हीडब्ल्यू (माणसं-सामानासकट गाडीचं जास्तीत जास्त वजन) लिहिलेलं असतं त्याच्याशी ताडून बघा. माझी पहिली गाडी मी स्वतःच बांधली होती, मोठ्या हौसेने १९ एमएमचं प्लाय सगळीकडे लावलं, मजबूत पाहिजे ना! काट्यावर गेलो तर मर्यादा ३,५०० किलोची आणि आकडा ३,७४०. त्याहून वाईट म्हणजे पुढची चाकं हलकी होती. १२० लिटरची टाकी मी मागच्या दाराजवळ, म्हणजे मागच्या एक्सलच्याही मागे बसवलेली, १२० लिटर म्हणजे सरळ १२० किलो, आणि ते तिथे बसलं की तराजूच्या दांडीसारखं पुढचं टोक उचलतं. परशुराम घाटात वळणावर स्टेअरिंग लोण्यासारखं फिरायला लागलं तेव्हा कळलं की काय करून ठेवलंय. मग टाकी काढून दोन एक्सलच्या मधे जमिनीलगत घेतली, प्लाय १२ एमएमचं केलं (आठ बाय चारच्या एका शीटमागे साधारण १२-१३ किलो वाचतात, अशी आठ-नऊ शीट्स होती माझी), वरचं लोखंडी कॅरिअर भंगारात दिलं. तुमची गाडी दुसऱ्याने बांधलीय, त्यामुळे आत काय जाडीचं काय घातलंय ते तुम्हाला माहीत नसणार, म्हणून काटा.

दुसरं म्हणजे उंची. सोलर पॅनल, छतावरचा पंखा, चांदणीची पाईप सगळं धरून टेपने मोजा आणि तो आकडा मोठ्या अक्षरात डॅशबोर्डवर चिकटवा. माझ्या गाडीत «९ फूट ७ इंच» असं स्टीकरच आहे. हायवेला याची गरज लागत नाही, वाडीत लागते. आंब्याच्या फांद्या, घरून गोठ्याकडे ओढलेली केबल, नारळाची वाकलेली झावळ, दोन गडग्यांमधून (दगडी कुंपणांमधून) जेमतेम सात फुटांचा रस्ता. आणि गूगल मॅपवर आंधळा विश्वास नको. त्याला पाखाडी (पायऱ्यांची पायवाट) आणि रस्ता यातला फरक कळत नाही. एकदा गुहागरकडून समुद्राला जायचा शॉर्टकट म्हणून त्याने मला चक्क चिऱ्याच्या पायऱ्यांच्या तोंडाशी नेऊन उभं केलं, पुढे पायऱ्या, बाजूला गडगे, मागे वळायला जागा नाही, पाऊण तास रिव्हर्स. वाडीत शिरायच्या आधी एकाने उतरून पुढे चालत जाऊन बघून यायचं, हा आमच्या घरातला कायदा आहे, बायको जाते आणि परत येऊन हात हलवते, हात वर म्हणजे ये, आडवा म्हणजे विसर.

आता जेटी. तुमच्या प्रश्नात जेटीचा एक शब्दही नाही, आणि मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते याच्यावर. किनारा धरून जायचं तर चार खाड्या बोटीने ओलांडाव्या लागतील: आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड. गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीवर, म्हणजे जंगलजेटीवर, कार सरसर चढतात, बसही जाते, पण आपल्या गाडीचं शेपूट लांब असतं. पाणी खाली गेलेलं असताना जेटीचा उतार तीव्र होतो. पुढची चाकं बोटीवर जातात, मग मागची जातात, पण त्या क्षणाला शेपूट अजून उताराच्या वर असतं आणि तेच टेकतं. पलीकडे उतरतानाही तेच, गाडीचं तोंड चढाला लागलं की बूड खाली बसतं. माझ्या गाडीचा सांडपाण्याचा व्हॉल्व असाच तुटला होता, बोटीवरचा पोरगा ओरडतोय «ओ दादा, शेपूट टेकतंय, थांबा!» आणि मी गाणी लावून मस्त पुढे, भांडी धुतलेलं सगळं पाणी बोटीभर. पुढच्या जेटीपर्यंत बाटलीचं बूच आणि सायकलची ट्यूब लावून काम भागवलं.

यावर उपाय सोपा आहे, पण पंचांग बघावं लागतं. आमच्याकडचा जुना हिशोब: तिथीला पाऊणने गुणा, येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार, दुपारी पावणेचारला भरती आणि पहाटेही तशीच, त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे ओहोटी, म्हणजे सकाळी दहाच्या आसपास पाणी सगळ्यात खाली. त्या दिवशी दहा वाजता जेटीवर जायचं नाही, आरामात नाश्ता करून एक-दीडला जायचं. शुद्ध-वद्य दोन्ही पक्षांना हा हिशोब सारखाच लागतो, पाव-अर्धा तास इकडेतिकडे होतो. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, भरती-ओहोटीत फरक मोठा, तेव्हा ओहोटीचा उतार भलताच तीव्र. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी फार वरखाली होत नाही, दिवसभर कधीही गेलात तरी चालून जातं. जमलं तर जेटीचे दिवस भांगाजवळ येतील अशी निघायची तारीख धरा. शिवाय चार-चार फुटांच्या दोन जाड फळ्या सोबत ठेवा, मागच्या चाकांखाली टाकल्या की गाडी दोन-तीन इंच उचलते आणि बरेचदा तेवढंच हवं असतं. बोटवाल्याला आधी जाऊन वजन आणि लांबी सांगा, तो जिथे लावायला सांगेल तिथेच लावा, बोटीचा तोल त्याला कळतो. आणि बोटीवर जायच्या आधी गॅसचा कॉक बंद.

पुळणीवर गाडी घालायची नाही. बघायला कडक दिसते ती वाळू, कार फिरवतात लोक, फोटो टाकतात. तीन-साडेतीन टनांची गाडी उभी राहिली की चाकाखाली पाणी वर येतं आणि मग ती बसते. भरती यायला लागल्यावर ट्रॅक्टर बोलवायला गावात पळणाऱ्यांना मी पाहिलंय, आणि तो ट्रॅक्टरवाला त्या वेळी जे मागेल ते द्यावं लागतं.

रोजचं अंतर कमी धरा. नकाशात किनारा सपाट दिसतो पण तसा नाहीये. खाडीतून वर सड्यावर (माथ्यावरच्या कातळी पठारावर) चढायचं, सडा संपला की परत खाली दुसऱ्या खाडीत, असं दिवसभर. तासाला सरासरी २५-३० किलोमीटर पडतात, रस्ता अरुंद, समोरून एसटी आली की कुणीतरी मागे जायचं. दिवसाला ८० ते १०० किलोमीटर पुरे, अंधार पडायच्या आत मुक्काम. उतारावर ज्या गिअरमध्ये ती चढली असती त्याच गिअरमध्ये उतरवायची, ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही, ठेवलात तर पाच-सात मिनिटांत लायनर तापून करपल्यासारखा वास येतो. वास आला की बाजूला घेऊन अर्धा तास थांबा, गरम ड्रमवर पाणी ओतू नका. परत येताना मात्र हायवेने या, कशेडीचा बोगदा झाल्यापासून तो वळणांचा घाट चुकतो.

गाडी चालू असताना सगळ्यांनी बेल्टच्या सीटवर बसायचं. मुलीला मागे बेडवर झोपवून नेऊ नका, कितीही हट्ट केला तरी. आणि बाजूला तोंड करून बसायचा सोफा हा थांबल्यावर बसायचा. सासूबाईंसाठी दारापाशी आठ इंचाची एक घट्ट पायरी आणि आत खांद्याच्या उंचीला पकडायला दांडा, एवढं वेल्डिंगवाल्याकडून आजच करून घ्या. ट्रॅव्हलरची मूळ पायरी गुडघे दुखणाऱ्या माणसाला फार उंच पडते, आणि दिवसातून पंधरा वेळा चढउतार असतो.

मुक्कामाला मोकळा किनारा शोधत बसू नका. मी बहुतेक वेळा घरगुती राहायची सोय असते तिथे जाऊन विचारतो, खोली नको, खळ्यात गाडी लावू द्या, जेवण तुमच्याकडे घेतो, पाणी आणि बाथरूम वापरू द्या, जे होईल ते घ्या. नाही म्हणणारे फार कमी भेटले. एमटीडीसीचे रिसॉर्ट गणपतीपुळे, तारकर्ली, हरिहरेश्वर, वेळणेश्वरला आहेत, तिथेही आधी फोन करून विचारा, महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हापासून निदान हा काय प्रकार आहे ते लोकांना कळतं. देवळाच्या आवारात लावायची असेल तर पुजाऱ्यांना किंवा गावातल्या कुणा जाणत्याला विचारून. नारळाखाली गाडी लावू नका हे सांगायला नको, तरी सांगतो, सोलर पॅनलवर नारळ पडलेला मी दुरुस्त केलाय, म्हणजे दुरुस्त कसला, नवीनच बसवला. फेब्रुवारी-मार्चमध्ये पुन्हा कधी आलात तर वेळास-आंजर्ल्याच्या बाजूला समुद्राकडे तोंड करून रात्री लाईट लावून बसू नका, कासवाची पिल्लं उजेडाकडे वळतात.

पाणी. ८० लिटर चौघांना दीड-दोन दिवस जातं, त्यात आंघोळ घरमालकाकडे धरली तर. किनाऱ्यालगतच्या विहिरी काही ठिकाणी मचूळ असतात, टाकीत घ्यायच्या आधी चाखून बघा, पिण्याचं वेगळं ठेवा. डिसेंबरात अडचण नाही, एप्रिल-मेमध्ये सड्यावरच्या वाड्यांत बायका हंडे घेऊन चालत असतात तिथे आपण टाकी भरून मागायची म्हणजे लाज वाटते, मी त्या दिवसांत किनाऱ्याला जातच नाही.

संडासाचं कुणी विचारत नाही पण सगळ्यांना तेच पडलेलं असतं. तुमचा कॅसेट टॉयलेट (खालची मैल्याची टाकी काढून रिकामी करायची तो) असणार, चौघांत तो दोन दिवसांत भरतो. रिकामा फक्त सेप्टिक टँकवाल्या संडासात करायचा, तोही मालकाला स्पष्ट सांगून, आणि त्यात टाकायचं केमिकल एन्झाइमवालं घ्या, कारण कडक निळं केमिकल सेप्टिक टँकमधले जिवाणू मारतं आणि मग त्या घरात महिनाभर वास. खाडीत, व्हाळात, काजूच्या बागेत कुठेही ओतायचं नाही. एकाने केलं की पुढच्या दहा गाड्यांना गावकरी दार उघडत नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे. साधा उपाय म्हणजे दिवसा जिथे जेवाल तिथलं वापरायचं, गाडीतलं फक्त रात्री आणि सासूबाईंसाठी.

वीज. तुम्ही लिहिलंय १०० एएचची लिथियम बॅटरी, २०० वॉटचं सोलर आणि एसी लावायचा विचार. एसी विसरा. छोटासा एसी ८०० वॉट धरला तर आठ तासांचे साडेसहा युनिट होतात, तुमच्या बॅटरीत सव्वा युनिट आहे. दीड तासात संपेल. डिसेंबरात कोकणात रात्री तशीही हवा बरी असते, जाळी नीट लावा आणि दोन १२ व्होल्टचे पंखे. तुमचा खरा खर्च असा: डीसी फ्रिज दिवसाला साधारण ४५०-५०० वॉट-अवर, पंखे साडेतीनशे, लाईट, मोबाईल, पंप मिळून दीडशे, म्हणजे हजाराच्या जवळ. २०० वॉटचं पॅनल कडक उन्हात सहाशे-सातशे देतं, माडाच्या सावलीत निम्मं. म्हणून एकतर पॅनल दुप्पट करा नाहीतर गाडी चालताना चार्ज करणारा डीसी-डीसी चार्जर बसवा, मी म्हणेन चार्जरच बसवा, रोज तीन-चार तास गाडी चालणारच आहे. घरमालकाच्या सॉकेटला वायर जोडायची तर आधी अर्थिंग तपासून घ्या आणि आपल्या बाजूला ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवाच, ओलसर खारी हवा, जुनी वायरिंग आणि पत्र्याची गाडी, धोका कुठे आहे ते सांगायला नको.

गॅससाठी ५ किलोचा छोटा सिलिंडर पुरतो. एलपीजी हवेपेक्षा जड, गळाला तर खाली फरशीवर साचतो, म्हणून डिटेक्टर खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर लावायचा. बऱ्याच गाड्यांत छताला लावलेला असतो, धूर शोधायच्या यंत्रासारखा, त्याचा काही उपयोग नाही. सिलिंडरच्या कप्प्याला खाली भोक पाहिजे, बाहेर उघडणारं.

कागदपत्रांचं थोडक्यात. आतलं बांधकाम आरसीवर चढवलंय का ते आधी बघा, बदल आरटीओच्या नोंदीशिवाय असेल तर अपघातात विमा कंपनी पहिलं तेच काढते. लायसन्सचं टेन्शन नको, ७,५०० किलोपर्यंत एलएमव्ही (हलक्या वाहनाचं लायसन्स) चालतं. पीयूसी, फिटनेस, विमा बघून घ्या.

टायरवर चार आकडे असतात, समजा २३१९ तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. सेकंडहँड गाडीत नक्षी छान दिसते पण रबर सात वर्षांचं असतं, बाजूला बारीक चिरा. पाच-सहा वर्षांच्या पुढचे असतील तर सगळे बदला, स्टेपनीसकट. जॅकखाली ठेवायला फूटभर लाकडी ठोकळा घ्या, साईडपट्टीच्या मातीत जॅक नुसता आत जातो. फ्यूज, फॅनबेल्ट, होसपाईपच्या क्लिपा, दोन लिटर कूलंट, टोचनची दोरी. डिझेल अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायचं नाही, किनाऱ्याला दोन गावांत पंप असेलच असं नाही. आणि घरी आल्यावर लगेच गोड्या पाण्याने गाडी खालून धुवून घ्या, बॅटरीच्या टर्मिनलला व्हॅसलीन, नाहीतर खारं वारं सहा महिन्यांत नटबोल्ट खातं.

बूट गाडीखाली ठेवू नका, सकाळी झटकल्याशिवाय घालू नका. आमच्याकडचा लाल विंचू लहान मुलाला फार वाईट. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिनचा उपचार दाखवून दिला तेव्हापासून माणसं वाचतात, पण त्यासाठी वेळेत दवाखान्यात पोचावं लागतं. मंत्र-तंत्र, चिरा मारणं काही नाही, १०८ ला फोन किंवा सरळ जवळचं ग्रामीण रुग्णालय. प्रत्येक मुक्कामाला गेल्यावर ते किती लांब आहे एवढं घरमालकाला विचारून ठेवा, रेंज असेलच असं नाही.

आणि पंधरा दिवसांना एकदम निघू नका. आधी दोन रात्री नागाव-अलिबागला जाऊन या, घरून तीन-साडेतीन तासांवर. पहिल्या रात्री कळतं की गादीखाली हवा खेळत नाही आणि सकाळी प्लाय ओलं लागतं (खाली फटीच्या पट्ट्या घाला), कुठलं ड्रॉवर वळणावर उघडतं, सासूबाईंना रात्री उठायला लाईटचं बटण सापडतं का. माझ्या मुलाला पहिल्या रात्री पंपाच्या आवाजाची भीती वाटली होती, गाडीत कुणीतरी गुरगुरतंय म्हणून.

तर आधी येत्या रविवारी काट्यावर जा. पुढचं वजन, मागचं वजन, उंची, आणि मागच्या चाकाच्या मध्यापासून बंपरपर्यंतचं अंतर, शिवाय तिथला सगळ्यात खालचा भाग जमिनीपासून किती वर आहे, एवढं मोजून कळवा. शेपूट साडेसहा फुटांच्या पुढे असेल आणि खाली नऊ इंचही नसतील तर तवसाळ-जयगड सोडून चिपळूणवरून रत्नागिरीला उतरा, वाटेत गॅरेजला गाडी वर उचलून तो सांडपाण्याचा व्हॉल्व आधी आत सरकवून देतो.